अमेरिकेतली फेडरल कोर्टं राष्ट्राध्यक्षांना अडवतात कशी, आणि कधी अडवत नाहीत?

वेलदोडा | ३ जुलै २०२५

गेल्या शुक्रवारपासून न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. ट्रम्प यांचा २० जानेवारीचा आदेश सगळ्यांना माहीत असेलच: आई इथे बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या मुलाला नागरिक धरायचं नाही. म्हणजे एच-१बीवरची (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरची) जोडपी थेट यात येतात. मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन राज्यातल्या जिल्हा न्यायाधीशांनी तो आदेश देशभर रोखला होता. आता २७ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की असा देशभराचा मनाई हुकूम देणं बहुधा त्यांच्या अधिकारात बसत नाही.

ग्रुपवर निम्मे म्हणतात आदेश लागू झाला, निम्मे म्हणतात काहीच झालेलं नाही. दोन्ही बाजूंनी फॉरवर्ड्स सुरू आहेत. मला मुळातून समजून घ्यायचंय. सिअॅटलमधला एक जज्ज राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा कागद बाजूला ठेवू शकतो, हा अधिकार त्याला दिला कोणी? आणि तो वरच्या कोर्टाने काढून घेतला म्हणजे नेमकं काय झालं? जाणकारांनी लिहावं. राजकीय धुळवड कृपया दुसऱ्या धाग्यावर.

घाटमाथा | ३ जुलै २०२५

आधी ग्रुपचं भांडण मिटवतो. आदेश लागू झालेला नाही. निकालातच तीस दिवसांची मुदत आहे. शिवाय तो आदेश घटनेत बसतो की नाही, यावर कोर्टाने निर्णय दिलेलाच नाही. सरकारने तो प्रश्न वर नेलाच नव्हता. मूळ मुद्द्यावर खालची कोर्टं एकामागून एक विरोधात जात असताना सरकारी वकिलांनी फक्त एवढंच विचारलं, की मनाई हुकूम कुठवर पोचतो. हुशारीची चाल होती आणि ती लागू पडली.

न्या. बॅरेट यांनी लिहिलेल्या बहुमताचा युक्तिवाद असा: मनाई हुकूम देण्याचा फेडरल कोर्टांचा अधिकार काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, १७८९ च्या कायद्यातून येतो. त्या काळी इंग्लंडचं चॅन्सरी कोर्ट ज्या प्रकारचा दिलासा देत असे, त्याच प्रकारचा यांना देता येतो. समोर उभ्या असलेल्या वादीला पूर्ण दिलासा द्या, पण जो दाव्यात नाही त्याला देऊ नका. न्या. सोतोमायोर, केगन आणि जॅक्सन यांना हे अजिबात पटलेलं नाही. सोतोमायोर यांचं भिन्नमत वाचण्यासारखं आहे.

आता रचना. फेडरल जिल्हा कोर्टं ९४. तिथे एक जज्ज, साक्षीपुरावे, गरज असेल तर ज्यूरी. त्यावर १३ अपील कोर्टं: ११ क्रमांकांची, एक वॉशिंग्टन डीसीचं, आणि एक पेटंटसारख्या ठरावीक विषयांचं. एकेका अपील कोर्टाच्या हद्दीला सर्किट म्हणतात. तुमचं न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये, टेक्सास पाचव्यात, कॅलिफोर्निया नवव्यात. अपिलात तीन जज्ज बसतात आणि नवा पुरावा घेत नाहीत. सर्वांत वर सुप्रीम कोर्ट, नऊ जण, आणि ते नऊच्या नऊ एकत्र बसतात. दिल्लीसारखी दोन-तीन जणांची खंडपीठं तिथे नसतात.

सुप्रीम कोर्टात जाणं हा हक्क नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दरवर्षी हजारो अर्ज येतात, त्यातली साठेक प्रकरणं पूर्ण सुनावणीला घेतली जातात. नवांपैकी चौघांनी 'ऐकू या' म्हणावं लागतं. बाकीच्यांना एका ओळीचा नकार, कारण न देता.

आणि या सगळ्याच्या शेजारी पन्नास राज्यांची स्वतःची स्वतंत्र कोर्टं आहेत. घटस्फोट, घरमालकाचं भांडण, स्पीडिंगचं तिकीट, बहुतेक खून-दरोडे तिथेच. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यात त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा शब्द शेवटचा. वॉशिंग्टनच्या नऊ जणांनाही त्यात हात घालता येत नाही, फेडरल प्रश्न गुंतला असेल तरच. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे, इथे दोन शिड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

निवडुंग | ३ जुलै २०२५

माहिती छान, पण मूळ प्रश्न टाळलात. अधिकार दिला कोणी? अमेरिकेची घटना मी वाचली आहे, फार मोठी नाही. कोर्टाने काँग्रेसचा कायदा रद्द करावा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कोणीही न निवडलेले लोक तहहयात बसून निवडून आलेल्यांना शिकवतात. याला लोकशाही म्हणायचं असेल तर म्हणा.

बोरूबहाद्दर | ४ जुलै २०२५

निवडुंग, थेट शब्दांत लिहिलेलं नाही हे खरं. तिसऱ्या अनुच्छेदात एवढंच आहे की एक सर्वोच्च न्यायालय असेल, खालची कोर्टं काँग्रेस नेमील, न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर पदावर राहतील आणि त्यांचा पगार कमी करता येणार नाही. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या हॅमिल्टनने १७८८ मध्ये घटनेची वकिली करताना मात्र हे उघड लिहिलं होतं, की घटनेविरुद्ध जाणारा कायदा कोर्टांनी रद्दबातल मानावा. त्याच लेखात त्याने कोर्ट ही सरकारच्या तीन शाखांतली सर्वांत दुबळी शाखा असंही म्हटलंय, कारण त्याच्याकडे ना तलवार ना तिजोरी.

प्रत्यक्षात अधिकार आला तो १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यातून. सगळे फक्त नाव घेतात, गोष्ट सांगत नाहीत. सांगतोच.

१८०० च्या निवडणुकीत जॉन अॅडम्स हरले, जेफरसन जिंकले. पण सत्तांतर मार्च १८०१ मध्ये. मधल्या काळात अॅडम्सच्या पक्षाने नव्या न्यायाधीशपदांचा कायदा केला आणि आपली माणसं भरायला घेतली. विल्यम मार्बरी हा त्यातला एक. पद अगदी किरकोळ, राजधानीच्या जिल्ह्यातला जस्टिस ऑफ द पीस. नेमणुकीच्या पत्रांवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, परराष्ट्रमंत्र्याने शिक्का मारला. वाटप मात्र पूर्ण झालं नाही, काही पत्रं टेबलावर तशीच राहिली. जेफरसन आले आणि म्हणाले, उरलेली वाटू नका.

तो शिक्का मारणारा आणि वाटप अर्धवट सोडणारा परराष्ट्रमंत्री म्हणजे जॉन मार्शल. तोवर तो सरन्यायाधीशही झाला होता! मार्बरी सुप्रीम कोर्टात गेला की नवे परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांना पत्र द्यायला लावा, तेव्हा समोर न्यायासनावर हाच मार्शल. आज असं झालं तर टीव्हीवर महिनाभर दळण चाललं असतं. त्याने बाजूला व्हावं असं कोणी म्हटलं नाही, निदान तो झाला नाही.

पेच असा: मॅडिसनला हुकूम द्यावा तर जेफरसन तो केराच्या टोपलीत टाकणार आणि कोर्टाची अब्रू जाणार. न द्यावा तर कोर्ट घाबरलं म्हणणार. ही भीती उगाच नव्हती. नव्या काँग्रेसने १८०२ मध्ये कोर्टाचं एक सत्रच रद्द करून टाकलं होतं, फेब्रुवारी १८०३ पर्यंत कोर्ट बसूच शकलं नाही. मार्शलने लिहिलं: मार्बरीचा हक्क आहे, सरकारने तो मोडला, कायद्यात त्यावर उपायही आहे. पण तो उपाय थेट आमच्याकडे मागता येत नाही. १७८९ च्या कायद्याचं तेरावं कलम तशी परवानगी देतं खरं, पण घटनेने आमच्याकडे थेट दाखल होणाऱ्या खटल्यांची जी यादी दिलीय त्यात हे बसत नाही. म्हणून ते कलमच घटनाबाह्य.

म्हणजे निकाल जेफरसनच्या बाजूने. मोडायला हुकूमच नाही, तर जेफरसन मोडणार काय! मार्बरीला पत्र कधीच मिळालं नाही. कायदा काय आहे हे सांगणं न्यायसंस्थेचं काम, हे वाक्य मात्र त्या निकालात कायमचं बसलं. स्वतःचा एक छोटा अधिकार नाकारताना मार्शलने हा भलामोठा अधिकार खिशात घातला. एवढा बेरकी निकाल मी दुसरा वाचलेला नाही.

त्यानंतर काँग्रेसचा कायदा पुन्हा रद्द व्हायला ५४ वर्षं लागली. आणि तो निकाल होता ड्रेड स्कॉट, १८५७. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही, असं सांगणारा. तेव्हा निवडुंग यांची शंका मी अगदीच मोडीत काढणार नाही. हा अधिकार नेहमी सज्जनांच्याच हातात असतो असं नाही. आज ज्या जन्मसिद्ध नागरिकत्वावर भांडण आहे ते चौदाव्या दुरुस्तीत आलं, ते या निकालाला उत्तर म्हणून, आणि मध्ये एक यादवी युद्ध होऊन गेलं.

सांगलीकर | ४ जुलै २०२५

बोरूबहाद्दर, झकास! नोकरीसाठी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला तेव्हा 'मार्बरी, १८०३' एवढंच घोकलं होतं.

भारताच्या बाजूने थोडी भर. आपल्याकडे हा प्रश्नच ठेवला नाही. कलम १३ मध्ये लिहूनच टाकलंय की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य. पण अमेरिकेची एक गोष्ट मुद्दाम घेतली नाही. 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रिया, हे शब्द मसुद्यात होते. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्या. फ्रँकफर्टर यांना भेटले. फ्रँकफर्टर यांचं मत पडलं की या शब्दांनी न्यायाधीशांच्या हातात फार सत्ता जाते. मग कलम २१ मध्ये 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. डिसेंबर १९४८ मधलं डॉ. आंबेडकरांचं यावरचं भाषण वाचा. दोन्ही बाजूंचे धोके मांडून त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. (पुढे १९७८ च्या मनेका गांधी निकालाने ते 'ड्यू प्रोसेस' मागच्या दाराने आलंच, ते वेगळं.)

उलट, आपलं सुप्रीम कोर्ट १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून घटनादुरुस्तीसुद्धा रद्द करू शकतं. अमेरिकेत तसं झालेलं नाही. म्हणजे निवडुंग, तिथे लोकांना कोर्टावर मात करता येते. १८९५ मध्ये कोर्टाने आयकर रद्द केला, १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती करून तो परत आणला. फक्त दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते, म्हणजे आजच्या वातावरणात जवळजवळ अशक्य.

रानजाई | ५ जुलै २०२५

मी वकील नाही, पण माझा पोटापाण्याचा संबंध एका फेडरल खटल्याशी आहे म्हणून लिहिते. मी एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, ईएडी कार्डावर, म्हणजे काम करण्याच्या परवान्यावर, डॅलसला नोकरी करते. २०१५ मध्ये डीएचएसने, म्हणजे होमलँड सिक्युरिटी खात्याने, नियम काढला की नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तर जोडीदाराला काम करता येईल. नियम अमलात येण्याआधीच 'सेव्ह जॉब्ज यूएसए' नावाच्या गटाने दावा लावला. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीतून गेलेले आयटी कर्मचारी, त्यांच्या जागी एच-१बीवाले आले अशी त्यांची तक्रार.

२०१६ मध्ये जिल्हा कोर्टाने दावा फेटाळला, कारण यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही. मग अपील. मध्येच ट्रम्प यांचं पहिलं सरकार आलं आणि म्हणालं थांबा, आम्हीच नियम रद्द करतोय. तो काही त्यांनी केला नाही. २०१९ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, अधिकार आहे, पुन्हा ऐका. २०२३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी नियम वैध ठरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला. आता ते सुप्रीम कोर्टाच्या दारात आहेत. दहा वर्षं! या काळात कितीजणींनी 'उद्या बंद झालं तर' म्हणून नोकरी बदलली नाही, घर घेतलं नाही.

माझा प्रश्न: 'दावा लावण्याचा अधिकार' यावरच चार वर्षं का जातात? नियम चूक की बरोबर ते सांगून मोकळे का होत नाहीत?

घाटमाथा | ५ जुलै २०२५

रानजाई, इथलं सगळं शास्त्र याच एका दरवाज्यात आहे. याला इथे 'स्टँडिंग' म्हणतात. फेडरल कोर्ट फक्त खरा वाद ऐकतं. वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मला स्वतःला ठोस इजा झाली आहे किंवा होऊ घातली आहे, ती प्रतिवादीच्या कृतीमुळे, आणि कोर्टाच्या हुकमाने ती दूर होईल. 'मला हे चुकीचं वाटतं', 'माझा कर वाया जातोय' हे सहसा चालत नाही. आपल्याकडची जनहित याचिका, की कोणीही पोस्टकार्ड टाकलं आणि कोर्टाने दखल घेतली, ती इथे दारातच अडेल. तुमच्या खटल्यात त्या कर्मचाऱ्यांना 'आमच्या धंद्यात सरकारने नवे स्पर्धक उतरवले' एवढं दाखवता आलं, म्हणून २०१९ मध्ये आत घेतलं.

हा नियम दोन्ही पक्षांना चावतो. २०२३ मध्ये टेक्सासच्या अमरिलोमधल्या एका जज्जाने गर्भपाताच्या गोळीची वीस वर्षांहून जुनी मान्यता थांबवली होती. पुढच्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने दावा उडवला. का? दावा लावणारे डॉक्टर ती गोळी देतच नव्हते, त्यांची इजा काय? गोळी चांगली की वाईट यात कोर्ट पडलंच नाही.

सल्ला देणंही यांना मान्य नाही. १७९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारने कोर्टाला काही प्रश्न पाठवले होते, युद्धातल्या तटस्थतेबद्दल. न्यायाधीशांनी नम्रपणे परत पाठवले. आपल्या कलम १४३ सारखं राष्ट्रपतींनी मत मागवणं इथे नाही.

वेलदोडा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच आहे. सिअॅटलच्या जज्जाने स्वतःहून कागद बाजूला ठेवला नाही. राज्यं त्याच्यासमोर आली, म्हणाली आमचं नुकसान होतंय, आणि त्याला निवाडा करणं भाग पडलं. आदेश आणि घटना यांत विसंगती दिसली तर घटना पाळायची, एवढाच तो अधिकार. आता फक्त एवढं ठरलंय की तो निवाडा कोणाकोणाला लागू.

निवडुंग | ५ जुलै २०२५

'भाग पडलं' हे फार गोड झालं. वादी जज्ज बघूनच येतो. ओबामा-बायडेन यांच्याविरुद्ध दावे टेक्सासात, ट्रम्प यांच्याविरुद्ध सिअॅटल आणि बॉस्टनला. हा योगायोग नाही.

आणि हुकूम पाळलाच नाही तर? कोर्टाकडे सैन्य आहे का?

बोरूबहाद्दर | ६ जुलै २०२५

पहिला मुद्दा मान्य. तुम्ही म्हणता तेच दुखणं आहे, आणि २७ जूनच्या निकालाला त्या बाजूने समर्थन देणारे लोक दोन्ही पक्षांत आहेत.

दुसरा: नाही, सैन्य नाही. १८३२ मध्ये कोर्टाने चेरोकी लोकांच्या जमिनीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही असं ठरवलं. उपयोग शून्य. काही वर्षांत त्यांना हाकलून पश्चिमेला नेलं, वाटेत हजारो मेले. १९५७ मध्ये उलट झालं. लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी मुलं जाऊ नयेत म्हणून आर्कन्सॉच्या गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं सैनिकी दल, उभं केलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना काळ्या-गोऱ्या मुलांच्या एकत्रित शाळांचं फार प्रेम होतं असं नाही, पण कोर्टाचा हुकूम म्हणून त्यांनी १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनना कोर्टाने ८-० ने त्यांच्या संभाषणांच्या टेप द्यायला सांगितलं, त्यांनी दिल्या, आणि ९ ऑगस्टला पद सोडलं. तिन्ही वेळा कागद तसाच होता.

पाणचक्की | ७ जुलै २०२५

एक उपयोगाची गोष्ट. 'इमिग्रेशन जज्ज' हा या धाग्यातला जज्ज नव्हे. तो न्याय मंत्रालयाचा, म्हणजे अॅटर्नी जनरलच्या हाताखालचा नोकर. तहहयात पद नाही, त्याला काढता येतं. तिथे हरलं की आधी त्याच मंत्रालयाचं अपील मंडळ, मग कुठे फेडरल अपील कोर्ट. बातमीत 'जज्जाने हद्दपार केलं' वाचलं की कोणता जज्ज ते बघत जा.

अवांतर, पण आपल्या लोकांनी वाचावं असं: १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस 'श्वेतवर्णीय' नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असं सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसचे, जन्म अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ पासून नागरिक. निकालानंतर सरकार त्यांचंच नागरिकत्व काढायला निघालं. पंडित लढले आणि १९२६ मध्ये नवव्या सर्किटमध्ये जिंकले. सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज घेतला नाही. तिथून सरकारने बाकीच्या भारतीयांचा पिच्छा सोडला.

थिंड निकालात घटना नव्हती, फक्त काँग्रेसच्या एका कायद्याचा अर्थ होता. म्हणून १९४६ मध्ये काँग्रेसने साधा कायदा करून तो पुसला. कोर्टाने घटनेचा अर्थ लावला असता तर दुरुस्तीच लागली असती.

वेलदोडा | ११ जुलै २०२५

काल न्यू हॅम्पशरच्या जज्जाने बाळांचा एक वर्ग मानून सामूहिक दाव्यात पुन्हा आदेश थांबवला. म्हणजे मुख्य दरवाजा बंद, खिडकी उघडी? ग्रुपवर पुन्हा दोन तट पडलेत.

घाटमाथा | ११ जुलै २०२५

खिडकी नाही, तोही दरवाजाच आहे. त्याच्या अटी कडक आहेत: सगळ्यांची तक्रार एकसारखी आहे हे कोर्टाला पटवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने तो बंद केलेला नाही.

रानजाई | १५ ऑक्टोबर २०२५

धागा वर आणतेय. काल सुप्रीम कोर्टाने सेव्ह जॉब्जचा अर्ज नाकारला. एक ओळ. म्हणजे एच-४चं काम कोर्टाने मान्य केलं ना?

घाटमाथा | १५ ऑक्टोबर २०२५

अभिनंदन. पण मान्य केलं असं नाही. ऐकावं असं चौघांना वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डीसी अपील कोर्टाचा निकाल कायम राहिला. डीएचएस मात्र रीतसर नियमप्रक्रिया करून तो नियम उद्या बदलू शकतं.

रानजाई | ३१ ऑक्टोबर २०२५

उद्या नाही, कालच. नियम आहे तसा आहे, पण ३० ऑक्टोबरपासून नूतनीकरणाचा अर्ज केला तर जुनं कार्ड आपोआप ५४० दिवस चालू राहायचं ते बंद. नवं हातात येईपर्यंत घरी बसायचं. लोकांच्या सूचना आधी न मागवता थेट लागू केलं. यावर दावा कोण लावणार?

घाटमाथा | ३१ ऑक्टोबर २०२५

जिचं कार्ड संपेल आणि त्यामुळे नोकरी जाईल ती. सूचना न मागवणं हाच पहिला मुद्दा होईल. तातडीचं कारण खरं होतं का, हे सरकारला दाखवावं लागेल. तुमचं कधी संपतंय? अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधी करता येतो, पहिल्याच दिवशी टाका. आणि पगाराच्या पावत्या, कंपनीची पत्रं जपून ठेवा.